बसण्याला कलम नव्हतं

हातात कायद्याचं एकही कलम नसताना मी एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याला त्याच्याच दुकानात पावणेतीन तास उभं ठेवलं होतं. धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही, त्याची कॉफीसुद्धा नाकारली नाही. माझ्या सगळ्या नोकरीतला हा सर्वांत निर्मळ पराक्रम. आणि त्याच दुपारी, पुढच्या पाच मिनिटांत, मी नोकरीतली सर्वांत वाईट चूकही केली. पराक्रम मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोनदा सांगून झालाय, टाळ्याही मिळाल्यात. चूक मात्र आजवर एका बाईशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

मी बंगळूरमध्ये कामगार खात्यात निरीक्षक होते. वडील इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले, मी इथेच कन्नड शाळेत शिकले. घरात मराठी आणि फाटकाबाहेर कन्नड, त्यामुळे ‘स्वल्प थांबा’ हे मला अजूनही शुद्ध मराठीच वाटतं. हल्ली मंडळात पुण्याहून आलेली आयटीतली मुलं भेटतात. ती विचारतात, “काकू, लेबर इन्स्पेक्टर म्हणजे एक्झॅक्टली काय करायच्या तुम्ही?”

एक्झॅक्टली सांगायचं तर लोकांच्या दुकानात न बोलावता जायचं आणि वह्या मागायच्या. हजेरीपट, रजेची वही, कामाच्या तासांचा तक्ता, आठवड्याची सुटी कोणती त्याची पाटी. चुकलं असेल तर नोटीस द्यायची, नाही ऐकलं तर कोर्टात खटला भरायचा. मालकांना वाटतं आम्ही मिठाईच्या डब्यासाठी येतो. कामगारांना वाटतं आम्ही मालकाच्या माहितीतले. दोघांचाही संशय दूर करता करता निवृत्तीचं वय येतं.

या कामात फसवणूक इतकी मन लावून केलेली दिसते की कधीकधी दाद द्यावीशी वाटते. कारखान्यांचं खातं आमच्यापेक्षा वेगळं, पण एकदा त्यांच्या निरीक्षकाबरोबर मी आनेकलकडच्या एका शिलाई कारखान्यात गेले होते. बायकांच्या मुलांसाठी तिथे पाळणाघर असायला हवं होतं, आणि होतंही. भिंतीवर ससे, खाली गादी, आठ-दहा मुलं. खेळणी मात्र अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मी चार वर्षांच्या एका चुणचुणीत मुलीला विचारलं, “रोज येतेस का गं इथे?”

ती म्हणाली, “नाही. सरकार येतं तेव्हाच.”

मॅनेजरचा चेहरा मला आजही आठवतो.

आता थोडं राज्यघटनेबद्दल सांगते, पानं उलटू नका. घटनेत काही हक्क असे आहेत की ते मोडले तर थेट न्यायालयात जाता येतं. कोणाकडून वेठबिगारी करून घ्यायची नाही, चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात किंवा धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही, चार जणांना संघटना करायची तर अडवायचं नाही. आणि काही गोष्टी घटनेने सरकारला सांगून ठेवल्यात: बाई-पुरुषाला सारख्या कामाचं सारखं वेतन, पोटापुरती मजुरी, आणि बेचाळिसाव्या अनुच्छेदात, कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणसाला शोभेल अशी असावी. याच अनुच्छेदात बाळंतपणाची सोयही येते, म्हणजे सशांच्या भिंतीची मुळं थेट इथे आहेत. या गोष्टी राज्यकारभाराचा पाया आहेत, असं घटना म्हणते. पण त्यासाठी न्यायालयात मात्र जाता येत नाही. तसा कायदा केला तरच त्यांना दात फुटतात. आमचे वरिष्ठ नागराज सर याला फ्रीजवर चिकटवलेला डॉक्टरांचा आहारतक्ता म्हणत. “घरात सगळे मान देतात,” ते म्हणत, “पण मोडला म्हणून अटक होत नाही.”

एका दिवाळीनंतर ऑफिसला कन्नडमधलं एक निनावी पत्र आलं. चिकपेटेतलं तीन मजली साडीचं दुकान. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या कपाटात तिथली साडी असणार. पत्रात पगाराची तक्रार नव्हती, शिवीगाळीचीही नव्हती. लिहिलं होतं, “आम्ही सतरा जणी सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत उभ्या असतो. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. भिंतीला टेकलं तर कॅमेऱ्यात दिसतं आणि खालून फोन येतो. एकीच्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात, डॉक्टर म्हणतात बसा, नाहीतर ऑपरेशन. काचेतल्या बाहुल्यांनासुद्धा मागून लोखंडी दांडा दिलाय आधाराला. आम्हाला तोही नाही.”

शेवटची दोन वाक्यं वाचून मी मोठ्याने हसले. मग हसल्याची लाज वाटली.

नागराज सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. “कोणतं कलम?”

कारखान्याच्या कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असं आहे. आमच्या दुकानांच्या कायद्यात तेव्हा शोधून सापडलं नाही. मी म्हटलं, “घटनेचा बेचाळिसावा अनुच्छेद.”

“आहारतक्ता,” सर म्हणाले. “त्यावर नोटीस काढलीत तर त्यांचा वकील तिची पुरचुंडी करून त्यात शेंगदाणे खाईल. कलम नाही तर केस नाही, मॅडम.”

“पण वह्या तपासायला जाऊ शकते ना?”

“वह्या तर कधीही.” त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. “का?”

“सहज.”

दुकानाचे मालक गुरुप्रसाद. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. पन्नाशीचे, भरल्या अंगाचे, कपाळाला रेखीव गंध, आणि वागण्यात इतके मर्यादशील की शिपायालासुद्धा ‘या, बसा’ म्हणत. गल्ल्यामागे त्यांची मऊ गादीची खुर्ची होती. मला पाहून ते लगबगीने उठले, समोर खुर्ची सरकवली. “बसा मॅडम.”

“नको अण्णा, बसून वाचलं की मला झोप येते.”

आता सरकारी बाई उभी असताना हा माणूस बसणं शक्यच नव्हतं. ते त्यांच्या रक्तातच नव्हतं, आणि मी त्याच्यावरच तर सगळी मदार ठेवली होती. मी हजेरीपट उघडला. सतरा नावं, बारा महिने. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग रजेची वही. मग मागच्या वर्षीचा हजेरीपट. अण्णा आधी ताठ उभे होते. तासाभराने एक पाय, मग दुसरा. दीड तासाने त्यांचा हात हळूच टेबलावर टेकला. कॉफी आली, दोघांनी उभ्याने प्यायली. मी साडीखाली नातवाबरोबर फिरायला जायचे खेळाचे बूट घालून गेले होते, तरी माझ्या टाचा ओरडत होत्या. मी मात्र चेहऱ्यावर अभ्यासू भाव ठेवून रविवार मोजत राहिले. समोरच्या काउंटरवरच्या मुलींना दुसऱ्या तासात काय चाललंय ते कळलं असावं, कारण त्या एकमेकींकडे पाहायचं कटाक्षाने टाळत होत्या.

पावणेतीन तासांनी अण्णांचा धीर सुटला. “मॅडम, वह्या बरोबर आहेत ना?”

“अगदी चोख.”

“मग तुम्हाला नेमकं काय पाहिजे?”

“मला काही नको. तुम्हाला काय पाहिजे?”

त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. “बसायला पाहिजे,” ते काकुळतीने म्हणाले.

“बसा ना. दुकान तुमचं.” मीही बसले. दोघांच्याही तोंडून एकदमच ‘अय्यप्पा’ असं निघालं. मग मी हळूच म्हटलं, “तुमच्या मुली रोज दहा तास. त्यांना कोण म्हणणार, बसा?”

त्यांना समजलं होतं. आणि इथे मी थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाच्या जिभेला आवर नसतो. मी काचेतल्या पुतळ्यांकडे बोट दाखवलं आणि अगदी स्वतःला सुचल्यासारखं म्हटलं, “त्या बाहुल्यांनासुद्धा मागून दांडा दिलाय तुम्ही आधाराला. या मुलींना तोही नाही.”

अण्णा मनापासून हसले. आणि हसता हसता मध्येच थांबले. त्यांची नजर तिसऱ्या काउंटरवर गेली आणि परत आली. मला वाटलं, विनोद काळजात पोचला. माझ्यादेखत त्यांनी फोन लावून स्टुलं मागवली. मी बाहेर पडले, जवळच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उडुपी हॉटेलात, मसाला डोसा खाल्ला, आणि वर स्वतःचं कौतुक म्हणून एक केसरीबात, म्हणजे आपला शिरासुद्धा.

पाचव्या दिवशी एक बाई ऑफिसात आली. तिशी उलटलेली, ठेंगणी, मोगऱ्याचा गजरा, चालताना किंचित लंगडत. समोरच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, “इथे बसायला परवानगी आहे ना?”

ही मंजुळा. तिसऱ्या काउंटरवरची. आनेकलहून दोन तासांचा बसप्रवास करून रोज दुकानात यायची. नवरा मालाचा टेम्पो चालवायचा, मुलगी सातवीत. आठ वर्षं रेशमी साड्यांचा काउंटर तिने नुसत्या बोलण्यावर चालवला होता. घरी लग्न असलेल्या बायका तिच्याकडे साड्या घ्यायला येत आणि तिचे किस्से ऐकून जास्तीच्या दोन घेऊन जात. पत्र तिचं होतं, फुगलेल्या शिराही तिच्याच होत्या. माझ्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिला सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नकोस. कारण दिलं गिऱ्हाइकांशी उद्धट बोलण्याचं. स्टुलं आली होती, पण सतरा जणींत चार, आणि त्यांवर साड्यांचे गठ्ठे बसले होते.

“पत्रावर नाव नव्हतं,” मी म्हटलं. “तुझंच आहे हे त्यांना कसं कळलं?”

“तेच तर, मॅडम.” ती माझ्याकडे शांतपणे पाहत राहिली. “तो बाहुल्यांचा जोक मी दसऱ्याला एका गिऱ्हाइकाला सांगितला होता. अण्णा मागेच उभे होते. मग पत्रात लिहिला. आता पत्र तर तुम्ही त्यांना दाखवलं नसणार.”

“छे! पत्र कोणालाच दाखवत नाही आम्ही,” मी म्हटलं. हे शंभर टक्के खरं होतं. असं खरं बोलून माणूस किती खोटं बोलू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. तक्रार करणाऱ्याचं नाव राखणं हा या धंद्यातला पहिला धडा. नाव मी राखलं होतं. बाईची बुद्धी मात्र चोरून स्वतःच्या नावावर खपवली होती, आणि त्या चोरीनेच घात केला. मी तिला सांगायला हवं होतं. मी शिपायाला कॉफी सांगितली.

आता मात्र कलम होतं. सहा महिन्यांहून जास्त नोकरी झालेल्याला सबळ कारणाशिवाय आणि नोटिशीशिवाय काढता येत नाही, आणि काढलं तर त्याला दाद मागता येते. दाद मागायची नागराज सरांकडे. अर्ज मंजुळाने द्यायचा, आणि मी त्याला हातही लावायचा नाही, असा शिष्टाचार. मी बनशंकरीला माझ्या स्वयंपाकघरात बसून तो चार वेळा लिहिला. मंजुळाने आधीचे तीन वाचले आणि चौथ्यावर सही केली.

सरांनी तो उलटसुलट पाहिला. “अर्ज उत्तम आहे. अर्जदाराचं अक्षर थेट तुमच्यासारखं आहे.”

“बंगळूरमध्ये पुष्कळांचं असतं, सर.”

“इतकी काळजी का, या केसची?”

मी म्हटलं, “घटना.” सरांनी अर्जावर शिक्का मारला. सुनावणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची पडली.

पण त्याआधीच, लग्नसराईतल्या एका शनिवारी सकाळी अण्णांचा फोन आला. आवाज चिरका. “मॅडम, लगेच या! दुकानात संप! सगळ्याजणी बसल्यात!”

मेट्रोतून उतरून मी धावतच पोचले. दुसऱ्या मजल्यावर सोळा जणी जमिनीवर पांढरी चादर अंथरून रांगेत मांडी घालून बसल्या होत्या. पण समोर साड्या उलगडलेल्या होत्या, भाव चालले होते, आणि गिऱ्हाइकंही त्यांच्यासमोर ऐसपैस बसली होती. एक सत्तरीच्या आजी गठ्ठ्याला टेकून, पाय पसरून, पाच सुनांसाठी मुलींकडून साड्या उलगडून घेत होत्या. मला म्हणाल्या, “पूर्वी असंच बसून घ्यायचो ना हो साड्या! काउंटर आल्यापासून माझी मान दुखते.”

“बघा,” अण्णा म्हणाले.

“बघतेय. विक्री तर चालू आहे.”

“चालू आहे, पण बसून!”

“मग मी काय करू, अण्णा?”

“त्यांना उभं करा! तुम्ही सरकार आहात!”

मी पर्समधून दुकानांच्या कायद्याचं पुस्तक काढलं. माझ्या आयुष्यातला तो अत्यंत सुखाचा क्षण होता, त्यामुळे मी पानं जरा सावकाशच उलटली. “कलम सापडत नाहीये. बसू द्या असं कुठे लिहिलेलं नाही, हे मलाही माहीत होतं. पण उभ्या राहा असंही कुठे लिहिलेलं नाही. नागराज सर म्हणतात, कलम नाही तर केस नाही.”

रांगेतली पहिली मुलगी रेश्मा उठली. गोरीमोरी झाली होती, पण आवाज पक्का होता. “अण्णा, आम्ही काम थांबवलेलं नाही. गिऱ्हाईक उभं राहिलं तर आम्हीही उभ्या राहू. प्रत्येक काउंटरमागे प्रत्येकीला स्टूल द्या. आणि मंजुळक्काला परत बोलवा.”

गंमत वाटावी असा तो प्रसंग होता आणि मी मनातल्या मनात हसतही होते. पण रेश्मा हातातल्या साडीची तीच घडी पुन्हा पुन्हा घालत होती ते मी पाहिलं. अण्णांनी त्या क्षणी सगळ्यांना बाहेर काढलं असतं, तर सोळा घरांत मी काय सांगणार होते?

अण्णा म्हणाले, “तिला परत घेतलं तर माझी काय किंमत राहिली?”

तेवढ्यात आजींनी मान वर केली. “अहो, ती जोक करणारी मुलगी कुठाय? मोठ्या नातीच्या लग्नाला तिनेच दाखवल्या होत्या साड्या. ती असली तर आणखी सहा बघायच्यात.”

अण्णांनी आजींकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर लावला. “मंजुळा, तुझी सुट्टी संपली. सोमवारी ये.”

पलीकडून तिचा आवाज आला, “सुट्टी होती का अण्णा? सरी, ठीक आहे. मग हजेरीपटात तसं लिहा. मॅडम तिथे असतील तर त्यांच्यासमोरच लिहा.”

मी हजेरीपट मागवला. अण्णांनी तो उभ्यानेच लिहिला. आठवड्याच्या आत सतरा काउंटरमागे सतरा स्टुलं आली. अर्ज मागे घेतला गेला. नागराज सरांनी फाइल बंद करताना एवढंच विचारलं, “त्या आजी तुमच्या नात्यातल्या तर नव्हत्या ना?” नव्हत्या, शपथेवर सांगते.

शेजारच्या दुकानात मात्र मुली माझ्या निवृत्तीपर्यंत उभ्याच होत्या. तिथले मालक अण्णांसारखे मर्यादशील नव्हते. मी उभी राहिले की ते खुशाल बसायचे. माणसाच्या सभ्यतेवर उभारलेला न्याय असा एका दारापुरता पुरतो, म्हणून कायदा लागतो. शेजारच्या दोन राज्यांनी दुकानांसाठी तो केला, आणि आता देशाच्या नव्या कामगार संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय लिहिलेली मी वाचली. लिहिलेली आहे. ती तपासायला कोणीतरी जायला लागेल.

निवृत्तीच्या आठवड्यात मी मंजुळाला दुकानाबाहेर बोलावलं. आम्ही दर्शिनीत समोरासमोर बसलो. तिच्या शिरा आता बऱ्या होत्या, ऑपरेशन टळलं होतं. मी तीन दिवस घोकलेलं वाक्य एका दमात म्हटलं, “मंजुळा, तुझं नाव माझ्यामुळे कळलं. तो जोक मी अण्णांना माझा म्हणून सांगितला होता.”

ती डोसा तोडत म्हणाली, “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“काढलं त्याच दिवसापासून. अण्णाच म्हणाले, तुझा जोक सरकारच्या तोंडून ऐकला.”

मी थक्क झाले. “मग ऑफिसात आलीस तेव्हा बोलली का नाहीस?”

मंजुळाने चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. “बोलले असते तर तुम्ही तिथल्या तिथे माफी मागून मोकळ्या झाला असता, मॅडम. मग माझा अर्ज चार-चार वेळा कोणी लिहिला असता?”